हेल्मेटसकट सहा फूट तीन

...आणि वर पुन्हा मलाच विचारते, "क्रेनेककाका, हे पाच इंच गेले कुठं?" आता मी काय सांगू? खिशातून पडले म्हणून सांगू? इंच म्हणजे काय किल्ली आहे का हो, सोफ्याच्या फटीत हात घालून शोधायला? पण डॉक्टरीणबाई खुर्ची पुढं ओढून, माझा हात हातात घेऊन, सुतकी चेहरा करून विचारतेय. समोर माझी फाइल. फाइलमध्ये लिहिलंय, ल्युमीर क्रेनेक, उंची सहा फूट तीन इंच. आणि भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून मोजलं तर भरलो पाच फूट दहा. तुम्हाला सांगतो, मी आटलेलो नाही, मी पहिल्यापासून एवढाच आहे! बरं, अर्धा इंच गेला असेल, तो वयाचा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाच?

मग सुरू झालं सगळं. कॅल्शियमची गोळी सकाळी एक, रात्री एक. दूध. त्या पांढऱ्या नळकांड्यात घालून फोटो काढले. रिपोर्ट आला, हाडं तिशीतल्या माणसासारखी ठणठणीत. मी म्हटलं, सुटलो. कसला सुटतोय! ती आणखीच घाबरली. म्हणाली, हाडं चांगली आणि तरी माणूस पाच इंच कमी, म्हणजे हे काहीतरी वेगळंच आहे, ह्यूस्टनला पाठवते, ते हाडाचा छोटासा तुकडा काढून बघतील. छोटासा! तुकडा माझा, छोटा म्हणणार ही. आणि त्यांची ती नर्स डोरिस, तिच्या पोटात तर पाणीही राहत नाही. दुपारपर्यंत अख्ख्या बुखोव्ह गावाला कळलं, क्रेनेक आटत चाललाय. न्हावी माझ्याकडं असं बघायला लागला, की पुढच्या वेळी लहान मुलांची फळी खुर्चीवर आडवी टाकावी लागेल. घरी बायको हसून हसून बेजार. म्हणाली, "लग्नात मी सपाट चपला उगाच घातल्या होत्या का?"

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं खरं. अहो, तेच तर सांगता येत नाही! तुम्ही बाहेरगावचे, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय, पण इथं कुणापाशी काढू नका. ही डॉक्टरीणबाई म्हणजे जोलीन टार्प्ली. कोच टार्प्लींची नात. शाळेत मला फुटबॉल, तो हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा, त्यांनीच शिकवला. आणि त्याच महिन्यात शाळेच्या मैदानाजवळच्या नव्या इमारतीला कोचांचं नाव द्यायचं होतं, पितळी पाटी तयार होती, आणि पाटीवर काय कोरलंय? "आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला माणूस." आणि पाटीवरचा पडदा ओढणार कोण? मी! आता या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू, की बाई गं, माझे पाच इंच तुझ्या आजोबांकडं आहेत?

आता पोरांचं बरं आहे हो. नववीतलं पोर धावलं की संध्याकाळी त्याची फिल्म जगभर, याला चार तारे, त्याला पाच तारे, आणि उंची म्हणाल तर केसांसकट आणि केसांशिवाय. आमच्या वेळी, चौऱ्याहत्तर सालची गोष्ट सांगतोय, कॉलेज फुटबॉलला जाणाऱ्या पोरांना नंबर कोण द्यायचं? पॉमरॉय. एकटा माणूस. फोर्ट वर्थला गाद्यांच्या दुकानात गाद्या विकायचा, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एक टाइपरायटर, एक फोन आणि जांभळ्या शाईचं सायक्लोस्टाइल यंत्र. तेवढ्यावर तेरा पानं काढून, कोपऱ्याला पिन मारून डिसेंबरात पोस्टानं पाठवायचा, टेक्सासातली पहिली शंभर पोरं. एकपासून शंभरपर्यंत, ओळीनं. आणि त्यातलं एक पोर तरी त्यानं पाहिलेलं असावं? छे! गवताची ॲलर्जी होती त्याला. मैदानाच्या कुंपणाशी गेला की शिंका सुरू.

मग कळायचं कसं? तर ऑगस्टात प्रत्येक शाळेत त्याचा छापील कागद यायचा. पोराचं नाव, उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदात पळतो. कोच भरणार, पॉमरॉय वाचणार, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे ठरवणार, की हा नववा आणि तो चौऱ्याऐंशीवा. आणि कोच लोक काय भरायचे! प्रत्येक शाळेत राक्षस. एका गावातनं तर म्हणे तिळे भाऊ आले होते, तिघांची उंची वेगळी, तिघंही सहा-चारच्या वर. म्हणून पॉमरॉयनं नियमच करून टाकला, कुठल्याही कोचनं काहीही लिहू दे, आपण डोळे मिटून दोन इंच कापायचे. हे सगळ्या कोचांना ठाऊक. मग ते दोन जास्त लिहायचे. तर असा व्यवहार.

आमचे कोच मात्र त्यातले नव्हेत. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर. शिवी म्हणून तोंडातून काय निघायचं, तर "भोपळ्या". एकदा पंचानं चुकून आमच्या बाजूनं निकाल दिला, तर हे मैदानात जाऊन सांगून आले की नाही, आमच्या पोराचा पाय रेषेबाहेर होता. सामना हरलो. गाव आठवडाभर त्यांच्याशी बोललं नाही, आणि नंतर जन्मभर त्यांच्या शब्दावर विसंबलं.

आणि माझं काय, की मला कॉलेजला जायचं होतं. माझ्या वडिलांचा मटणाचा गाळा, मागं सॉसेज धुरवायची भट्टी. पहाटे तीनला उठून आतडी भरायची, हे आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, आणि माझ्यासाठी एक ॲप्रन खुंटीला टांगून ठेवलेला, माझ्या जन्मापासून. वडील म्हणायचे, सॉसेज भरायला काय शिकायचंय? मला बेडकाचं पोट फाडून आत काय चालतं ते बघायचं होतं. शिक्षक व्हायचं होतं. कॉलेजनं फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती दिली तरच दार उघडणार, नाहीतर तो ॲप्रन. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचो, आता सांगायला लाज कसली.

हे कोचांना माहीत होतं. तर ऑगस्टात त्यांनी मला बोलावलं, समोर तो कागद, हातात पेन्सिल. "किती आहेस रे, भोपळ्या?"

म्हटलं, "पाच फूट साडेदहा, कोच."

पेन्सिल चावत बसले बराच वेळ. पाच-साडेदहा म्हणजे आमच्या जागेवर खेळणाऱ्यांमध्ये बुटबैंगण. पॉमरॉयनं त्यातनं दोन कापले, की उरतो पाच-साडेआठ, म्हणजे कागद सरळ केराच्या टोपलीत. मग म्हणाले, "खेळतोस ते अनवाणी खेळतोस का?"

"नाही, कोच. खिळ्यांचे बूट."

"मग त्याचा एक इंच धरायला हवा. नाही धरला तर खोटं होईल. आणि बोडक्यानं खेळतोस?"

"हेल्मेट घालून, कोच."

"हेल्मेटचा दीड."

झाले सहा-एक. तरी पेन्सिल तोंडातच. घाम आला होता त्यांना, पंखा डोक्यावर असून. मग अगदी हळू आवाजात, माझ्याशी नाही, वर छताकडं बघून म्हणाले, "तो दोन कापणारच आहे. कापायला दोन दिले, तर कापून झाल्यावर खरंच उरेल." आणि लिहिलं, सहा फूट तीन. बघा, माणसानं खोटं लिहिलंच नाही! प्रत्येक इंचाचा हिशेब देवाला दिला.

आता गंमत ऐका. कागद पोचला फोर्ट वर्थला. पॉमरॉयनं कात्री उचलली, आणि खाली सही बघितली, टार्प्ली. हा तो पंचाला सांगणारा माणूस! म्हणाला असेल, याच्या पोराचे इंच कापले तर हात झडतील माझे. नाही कापले! अख्ख्या टेक्सासात एकट्या माझे नाही कापले! डिसेंबरात तेरा पानं आली, मी सतरावा. सहा फूट तीन इंच, "खात्रीलायक". गावानं ते पान वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पान वाचलं. पण कोचांनी लिहिलंय म्हटल्यावर शंका कोण काढणार? शेजारच्या म्हातारीनं तर मला सांगितलं, वाकून चालू नकोस रे. वडिलांनी ते पान गाळ्याच्या काचेला आतून चिकटवलं. मी काय तेव्हाही वाढलेलो नव्हतो. मी पहिल्यापासून एवढाच आहे, तुम्हाला सांगतो.

मग जानेवारीत एका मोठ्या कॉलेजचा माणूस घरी येणार म्हणून निरोप. लँगफर्ड नाव. कोच सकाळपासून आमच्याकडं, चेहरा पांढराफटक. मला सांगतायत, "बसून राहा. काय वाटेल ते होवो, उठायचं नाही. बसल्यावर सगळी माणसं सारखीच." मी बसलो. लँगफर्ड आले, मी बसून. हात मिळवला, बसून. आईनं जर्दाळूच्या कोलाची, आमचे ते गोड पाव, केलेल्या, ताट माझ्या हाताला लागेना, तरी बसून. दोन तास! गप्पा रंगल्या, माझी फिल्म त्यांना आवडलेली, पोरगं माणसं धडाधड आडवी पाडतं म्हणाले. आणि निघायला उठले.

आता आमची आई. पाहुणे दाराशी आणि घरातलं पोर खुर्चीत? तिच्या घरात हे चालायचं नाही. "ल्युमीर, पाहुणे निघालेत. ढुंगणाला डिंक लागलाय का?" मी कोचांकडं बघतोय, कोच छताकडं. आई पुन्हा, "ल्युमीर." कोच एकदम म्हणाले, "त्याचा गुडघा..." आणि थांबले. कारण लँगफर्डांचा चेहरा खर्रकन उतरला. गुडघा! मोडक्या गुडघ्याचं पोर कोण नेणार? म्हणजे उठावं तर बुटका, बसावं तर लंगडा. कोच डोळे पुसत म्हणाले, "नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही. ऊठ रे, भोपळ्या."

उठलो. आयुष्यात इतका वेळ कधी लागला नसेल उठायला. लँगफर्ड माझ्याकडं बघतायत, मी त्यांच्याकडं बघतोय... सरळ. मान वर नाही, खाली नाही. डोळ्याला डोळा. माझ्याएवढेच होते हो ते! मग ते पुन्हा खाली बसले, ताटातली एक कोलाची उचलली आणि म्हणाले, "मी शाळेत सहा-दोन होतो. आमच्या कोचनं लिहिलं होतं."

कोच म्हणाले, "हेल्मेटसकट?"

"ते नाही सांगितलं त्यांनी. पण माझ्या साहेबांना मी सहा-तीन सांगून बसलोय. आता कागद बदलला, तर याची जागा जाईल आणि बहुतेक माझीही." मग माझ्याकडं वळून, "पोरा, आडव्या पाडलेल्या माणसाला कुणी पाडलं तेवढं विचारतात, किती उंचीच्यानं पाडलं ते नाही. पाडशील ना?"

म्हटलं, "पाडतो, सर."

आणि पाडली, चार वर्षं. कॉलेजच्या कार्डावर सहा-तीन, तिथनं डॉक्टरच्या फाइलीत सहा-तीन, लायसन्सवर सहा-तीन. एकतीस वर्षं याच गावात पोरांकडून बेडूक फाडून घेतले, तो ॲप्रन धाकट्या भावाला गेला, त्याला तो आवडला. माझं अख्खं आयुष्य त्या साडेचार इंचांवर उभं आहे. कोचांनी मात्र पुढच्या वर्षीपासून अनवाणी, बोडक्यानं, खरी मापं लिहिली, आणि पॉमरॉयनं, माझं खरं माप तोवर कानावर गेलं असणार, आता दोन-दोन कापले, म्हणजे छापून आलं तेव्हा वाटावं की बुखोव्हला ठेंगूच पिकतात. माझ्या कागदाबद्दल कोच पुन्हा कधी बोलले नाहीत. शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो, तर पलंगावरून माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "वाढलास रे." एवढंच.

तर असं, म्हणून मी जोलीनपुढं गप्प. ठरवलं, देऊ हाडाचा तुकडा, कोचांपेक्षा हाड मोठं नाही. ह्यूस्टनची तारीख सोमवारची. शुक्रवारी हिचा फोन, काका, लगेच या. गेलो. टेबलावर एक जुना कागद, कार्बनची प्रत. समारंभासाठी आजोबांच्या पेट्या आवरताना सापडली म्हणे. पाठीमागं पेन्सिलीनं बेरीज, कोचांच्या अक्षरात. पाच-साडेदहा. बूट एक. हेल्मेट दीड. पॉमरॉय दोन. आणि खाली, "देवा, सांभाळून घे."

मी खाली मान घालून. मग तिनं तो कागद घडी करून कोटाच्या खिशात घातला, आणि दार उघडून डोरिसला हाक मारली, क्रेनेककाकांची उंची घ्यायचीय, लिहायला ये. मी बूट काढायला वाकलो. तर ही म्हणते, "बाहेर फिरता ते अनवाणी फिरता का?"

म्हटलं, "नाही."

"मग राहू द्या. आणि हॅट कुठंय? बोडक्यानं फिरता?"

तुम्हाला सांगतो, तोच आवाज! पेन्सिल तेवढी नव्हती तोंडात. हॅट घातली, पट्टीखाली ताठ उभा राहिलो. बूट एक इंच, हॅट चार. डोरिसनं डोळे फाडून वाचलं, सहा फूट तीन. ह्यूस्टन रद्द! संध्याकाळपर्यंत गावभर, क्रेनेक बरा झाला, जोलीनच्या गोळ्यांनी पाच इंच परत आले. आता सगळे म्हातारे तिच्या दारात रांग लावून. आणि त्या दिवशी मी निघताना मला हळूच म्हणते, काका, गोळ्या थांबवू नका, हॅटही काढू नका, डोरिस बघत असते.

झालं! शनिवारी समारंभ. राष्ट्रगीत सुरू. अख्ख्या गावानं हॅट उतरवून छातीशी धरल्या. माझाही हात वर गेला, तर पहिल्या रांगेतून जोलीन बारीक मान हलवतेय, नाही. शेजारी डोरिस. शेवटपर्यंत मी एकटा हॅट घालून, कोचांच्या पितळी पाटीशेजारी. तेव्हापासून गावात कुणी धड बोलत नाही माझ्याशी. म्हणतात, क्रेनेक म्हातारपणी उर्मट झाला. म्हणू देत. काढून करणार काय होतो? सगळ्या गावासमोर आटू?