कासव जमिनीवरून दिसत नाही

जबाब देणारीचे नाव वेगळ्या कागदावर दिले आहे. वय ४३, धंदा नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयात जलवाहिन्यांचे नकाशे करणे. राहणार त्याच कार्यालयाची वसाहत, दुसरा मजला. सोबत आई, वय ७१.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून आम्ही दोघी संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर शहराबाहेरचे जुन्या ज्वालामुखीचे अभयारण्य बघत असू. उपग्रहाच्या चित्रावर उंचसखलपणा चढवला की गोठलेल्या लाव्ह्याचे आकार उठून दिसतात. आईने त्यांना नावे दिली होती. सर्वांत मोठे ते कासव. ही नावे कोणत्याही नकाशात नाहीत.

आज मी कामावर गेल्यावर आई एकटीच बसने तिकडे गेली. शेजारच्या काकूंना म्हणाली, "लेकीला सुट्टी मिळत नाही. मी पुढे जाऊन बघून ठेवते, मग तिला नेईन."

दुपारी चारच्या सुमारास तिचा फोन आला. "अगं, मी बहुतेक कासवावरच उभी आहे, पण कासव कुठे दिसतच नाही. नुसते काळे दगड. लॅपटॉपवर तर एवढीशी वाट होती गं." ती हसत होती. मी म्हटले, आहेस तिथेच बस, समोर काय दिसते ते सांग. ती म्हणाली, "ऊन डोळ्यांवर येतंय. डाव्या हाताला तांबडी टेकडी, डोकं उडालेली. आणि हे बघ, ओरडू नकोस, पाय जरा अडकलाय." पुढे फोन बंद झाला.

त्या वेळी ऊन डोळ्यांवर म्हणजे तोंड पश्चिमेला, टेकडी दक्षिणेला. तांबडी टेकडी तशी कुठून दिसते ते मी संगणकावर काढले. दोनच जागा निघाल्या, कासवाची मान आणि मागचा पाय. दोन्हींचे अक्षांश-रेखांश जोडले आहेत.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने शोधपथक मुख्य पायवाटेने पाठवले आहे. मी त्याला लॅपटॉप दाखवला. तो म्हणाला, "ताई, इथं कासवं नाहीत." आई पायवाटेवर नाही, असे मी पुन्हा पुन्हा सांगितले. मला आत सोडले नाही.

आईच्या अंगावर गरम कपडे आहेत का, असे विचारल्यावरून सांगते की, स्वेटर घरी खुंटीवर आहे. पाण्याची भरलेली बाटली ओट्यावर आहे.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात "आई वाट चुकली" असे होते, ते "आई एका जागी बसून आहे" असे दुरुस्त करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही झाल्यावरच शोधाची दुसरी गाडी निघेल असे जबाब घेणारे साहेब म्हणाले, म्हणून सही करते. बाहेर अंधार पडत आला आहे.