शालीबाहेर राहिलेली चोच

जबाब देणारी: शिलाईवाली काकू. सगळे याच नावाने ओळखतात, कागदोपत्री नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिले आहे. वय पासष्ट. धंदा शिवणकाम. राहणार पाणथळ राखीव क्षेत्राच्या फाटकामागची गल्ली, बाहेरून लोखंडी जिना असलेले घर, खाली सुतारकामाची खोली.

मी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतीसह राहते. माझे पती सुतार आहेत. यापुढे त्यांना 'हे' असेच लिहावे अशी मी हवालदारसाहेबांना विनंती केली, कारण 'सदर इसम' म्हटले की मला कोणी तिऱ्हाईत माणूस वाटतो. साहेबांनी मान्य केले.

पलीकडच्या खोलीत यांनी आधीच जबाब दिला आहे, हे मला माहीत आहे. "राखीव क्षेत्रातला लाकडी पक्षी मी काढला, माझी बायको तेव्हा नावेत झोपली होती," असे त्यांनी सांगितले. त्यातले झोपेचे अर्धे खरे आहे. बाकी धादांत खोटे आहे. पक्षी मी काढला.

हे सांगण्याचे कारण असे की, क्षेत्रातून काहीही बाहेर नेणाऱ्याला पुन्हा आत पाऊल ठेवता येणार नाही, असे फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. मला आत जाता आले नाही तर माझे काडीचे अडत नाही. तिथली ओल माझ्या गुडघ्यांत शिरते आणि डासांची माझ्यावर खास मर्जी आहे. यांचे मात्र अडेल. खुर्च्या-टेबले करायचे हातांनी सोडले, तेव्हापासून या माणसाला तेवढे एक तळे उरले आहे. ते बंद झाले तर हे घरात माझ्या मशीनसमोर बसून राहतील आणि टाके कसे घालायचे ते मला शिकवतील.

लाकडी पक्ष्यांबद्दल विचारल्यावरून सांगते. तळ्यावर दरवर्षी चमच्यांचा थवा उतरतो. चमच्या हा उंच पायांचा पांढरा पक्षी आहे, त्याची चोच टोकाला चपटी असते, वाढायच्या डावासारखी. वरून जाणाऱ्या थव्याला खाली आपल्यासारखे कोणी दिसले की जागा सुरक्षित वाटते, म्हणून क्षेत्राच्या बाईंनी यांच्याकडून लाकडी चमचे करून घेतले. बाई म्हणजे तिथल्या मुख्य अधिकारी. पक्षी पाण्यातल्या खांबांवर बसवले आहेत. थवा निघून गेला की हे नावेतून जातात आणि उडालेला रंग पुन्हा लावतात. हे काम रीतसर परवानगीने चालते.

सगळे लाकडी पक्षी समोर बघतात. शेवटचा तेवढा मान वाकवून आहे. थव्यातले पक्षी एकमेकांपुढे अशी मान धरतात आणि दुसरा ती चोचीने साफ करतो, कारण स्वतःच्या मानेपर्यंत स्वतःची चोच पोचत नाही. हे यांनी पाहिले आणि लाकडात आणले. ते करताना दोन वेळा जेवायला बोलवूनही वर आले नाहीत. झाला तेव्हा मला खाली बोलावून म्हणाले, "बघ बरं, खरा वाटतो का?" मी म्हटले, "वाटतो. आता जेवा."

या वर्षी थवा गेला, पण एक चमच्या राहिला. ही बातमी आमच्याकडे दुर्बिणीने आणली. दुर्बीण म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, गळ्यात कायम दुर्बीण असते म्हणून हे नाव पडले. तो म्हणाला, "पंख धड आहेत, पाय धड आहेत. उडतो, फिरतो आणि पुन्हा काकांच्या त्या वाकड्या मानेच्या पक्ष्यापाशी येऊन उभा राहतो." तळ्याचे पाणी त्या बाजूने आटत चालले आहे. मासे संपले की तो उपाशी राहणार आणि चिखल सुकून वाट झाली की कोल्हे येणार. बाईंनाही हे दिसत होते. लाकडी पक्षी काढायची परवानगी त्यांनी वर मागितली होती. वरून उत्तर यायचे होते.

आजच्या घटनेबाबत सांगते की, सकाळी हे रंग, कुंचले आणि हातोडी घेऊन निघाले. मी म्हटले, मीही येते. हे म्हणाले, "तू? तळ्यावर? बरं वाटतंय ना?" मी थर्मास भरला, शाल घेतली आणि गेले. फाटकावर दुर्बिणीने आम्हाला रीतसर आत सोडले. त्याचा यात काही दोष नाही.

नाव हे स्वतः लांब काठीने ढकलत होते. पाण्यावर धुके होते. अंतर किती होते आणि किती वेळ लागला, हे मला सांगता येणार नाही, कारण आत गेल्यावर या गोष्टी राहिल्याच नाहीत. दोन्ही बाजूंना लव्हाळी होती आणि ती पुढे सरकत होती की आम्ही, ते कळत नव्हते. काठी पाण्यात जायची तेव्हा आवाज यायचा, वर यायची तेव्हा थेंब पडायचे. कमळाची पाने नावेखाली दबत होती आणि मागे पुन्हा वर येत होती, आम्ही तिथून गेलोच नाही अशी. मी हात पाण्यात सोडला. पाणी वर कोमट आणि खाली गार होते. इतक्या वर्षांत हे रोज संध्याकाळी चिखल घेऊन घरी यायचे आणि मी जिन्यावरच पाय धुवायला लावायची. हे कुठे जाऊन येतात ते मी कधी विचारले नव्हते, असे मला तिथे वाटले.

या ठिकाणी मला डुलकी लागली. हवालदारसाहेबांनी विचारले की, मग पुढचे स्वप्नातले की खरे? त्यावर सांगते की, मला त्यात फार फरक जाणवला नाही, पण जे हाताने केले ते नक्की सांगू शकते.

जाग आली तेव्हा नाव थांबली होती आणि धुके पातळ झाले होते. समोर शेवटच्या खांबापाशी चमचे उभे होते. किती होते, असे विचारल्यावरून सांगते की, दोन. पाण्यातली प्रतिबिंबे धरून चार. चारही तितकेच स्तब्ध होते आणि त्यांतला खरा कोणता, हे मला सांगता आले नसते. मग त्यांतल्या एकाने मान वळवली आणि दुसऱ्याच्या वाकलेल्या मानेवरून चोच फिरवायला सुरुवात केली. अगदी हळू, वरून खाली. लेकीचे केस विंचरताना मी फणी फिरवायची तशी. बराच वेळ असे चालले. मग तो थांबला आणि स्वतःची मान वाकवून उभा राहिला. त्याची पाळी होती. तो वाट बघत राहिला. लाकूड काही हलले नाही. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून त्याची मान साफ करायला घेतली.

आम्ही जवळ सरकलो तेव्हा तो उडाला आणि धुक्यात दिसेनासा झाला. यांनी लाकडी पक्ष्यावरून हात फिरवला. सगळ्या अंगावरचा रंग जागच्या जागी होता, मानेवरचा तेवढा पार उडाला होता. खालचे लाकूड गुळगुळीत झाले होते. हे कुंचला हातात धरून बसले, डबा उघडला नाही. म्हणाले, "मी याला मान दिली आणि पुढचं काही देता आलं नाही." मी म्हटले, "मग काढा." हे म्हणाले, "परवानगी नाही." मी म्हटले, "तो काय परवानगी बघून उपाशी राहणार आहे?" यांनी हातोडी उचलली. खांबाला टेकवली. खाली ठेवली. पुन्हा उचलली. "मला नाही जमत गं," म्हणाले, "तो परत येऊन बघेल ना." त्यांचे डोळे भरले होते. हे जबाबात लिहू नये असे मला वाटत होते, पण साहेबांनी लिहिलेच आहे तर राहू द्यावे. खरे आहे ते.

आमची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दूर देशी गेली, तेव्हाही असेच झाले होते. गाडी दारात उभी होती आणि हे खाली जाऊन एका फळीला रंधा मारत बसले होते. फळी पार पातळ होऊन गेली. मुलगी पिशवी खांद्याला लावून जिन्यात उभी, निघेना. तेव्हा तिची बॅग मी उचलली, गाडीचे दार मी उघडले आणि "पोचलीस की फोन कर" म्हणून दार लावलेही मीच. रडले ते नंतर, मशीन चालू करून, म्हणजे खाली ऐकू जाणार नाही. आमच्या घरात अशी कामे माझ्याकडे असतात.

म्हणून हातोडी मी घेतली. पक्ष्याच्या पायाची सळई खांबात बसवलेली असते आणि बाजूने लाकडी पाचर ठोकलेली असते. यांच्या पाचरी मी आयुष्यभर धरून दिल्या आहेत, कुठून ढिल्या होतात ते मला माहीत आहे. पाचर निघाली, पक्षी उचलला, आडवा करून नावेत ठेवला आणि वर शाल टाकली. यांनी मला अडवले नाही, मदतही केली नाही. दुसरीकडे बघत होते.

यानंतर जी चूक झाली ती माझी आहे. शाल मी स्वतःच्या मापाची घेतली होती, चमच्याच्या नाही. माणसे मापून कपडे बेतण्यात जन्म गेला आणि इथे अंदाज चुकला. पायाकडून झाकले की डोके उघडे पडायचे, डोके झाकले की पाय. शेवटी पाय झाकले, मानही झाकली, तरी चोच बाहेर राहिली. मी म्हटले, राहू दे, धुक्यात कोण बघतो.

ज्याने बघायचे त्याने बघितले. आम्ही परत निघाल्यावर तो खरा चमच्या आधी रिकाम्या खांबाशी उतरला. खांबाभोवती फिरला. मी मागे बघितले नाही, यांनी बघितले. मग नावेच्या टोकाशी कसलासा वारा लागला आणि तो माझ्यासमोर त्या टोकावर येऊन उभा राहिला, हात लांबवला तर पोचेल इतका जवळ. शालीबाहेर आलेल्या चोचीकडे त्याने एक डोळा वळवला. यांनी काठी थांबवली. नाव आपोआप चालत होती. आम्ही दोघे, तो, आणि शालीखालचा तो, असे चौघे धुक्यातून आलो. मला भीती वाटायला हवी होती, पण असे वाटत होते की ही नाव काठाला लागूच नये.

काठावर दुर्बीण उभा होता. गलबताच्या नाकावर पुतळा असतो तसा जिवंत पक्षी घेऊन येणारी नाव त्याने लांबूनच पाहिली होती. नाव काठाला लागताच पक्षी उडाला आणि शाल सरकली. दुर्बीण म्हणाला, "काका, हे काय केलंत? मला कळवावं लागेल." मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी केलं." एवढे बोलायला मात्र त्यांना चांगले जमले. दुर्बिणीने नियमाने केले, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

सदर लाकडी पक्षी मुद्देमाल म्हणून आणला असून तो आता माझ्यासमोर, खिडकीजवळच्या टेबलावर आहे. खरा चमच्या ठाण्याच्या छपरावर पाण्याच्या टाकीशेजारी उभा आहे. यांना इथे आणले त्या गाडीमागून तो आला. दुर्बीण बाहेर बाकावर बसून त्याच्यावर लक्ष ठेवून आहे.

शिक्षेबाबत माझे म्हणणे विचारले. जी काही असेल ती मला द्यावी. मला त्या तळ्याची बंदी करावी, ती मी पाळेन. खोटे कशाला बोलू, आज सकाळी ते एकदा पाहिले आहे, त्यामुळे आता अगदीच काही वाटणार नाही असे नाही. पण यांचे जाणे थांबवू नये.

माझी दुसरी विनंती अशी की, मुद्देमाल टेबलावर ठेवू नये. खिडकीतून दिसतो. पंचनामा होईपर्यंत वस्तू जागची हलवता येत नाही, असे हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हटले, "साहेब, तुम्ही एकदा बाहेर जाऊन छपराकडे बघा. मग नियम सांगा." साहेब बाहेर गेले. परत आले. लाकडी पक्षी त्यांनी स्वतः उचलून लोखंडी कपाटात उभा केला, उंचीला बसेना म्हणून मधली फळी काढली, आणि दार लावून घेतले. कपाटात ठेवताना त्यांचा अंगठा मानेवरच्या उघड्या लाकडावरून फिरला, तो मी पाहिला.

इथवरचा मजकूर मला वाचून दाखवला जात असताना दुर्बीण दारात आला. त्याने सांगितले ते जोडून घ्यावे. तो म्हणाला, "काकू, उठला." मी विचारले, "पुन्हा बसला का?" तो म्हणाला, "नाही. छपरावरून दोनदा फिरला. खिडकीपाशी आला. मग वर वर गेला. तळ्याकडे नाही वळला. थवा गेला त्या बाजूला." मी बाहेर जाऊन पाहिले. छपरावर टाकी होती आणि वर नुसते आभाळ होते.

यांना अजून हे माहीत नाही. त्यांच्या खोलीची खिडकी मागच्या अंगाला आहे. त्यांना हे जाऊन सांगण्याची मला परवानगी मिळावी. हे कामही माझ्याकडेच आहे.

जोडलेल्या मजकुरासह सगळे पुन्हा सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसे आहे आणि मला मान्य आहे. फक्त शेवटी साहेबांनी 'पक्षी पसार झाला' असे लिहिले होते, ते खोडून 'आपल्या माणसांत गेला' असे करून घेतले आहे.