परातीतला समिंदर

— उजव्या हाताला. एकदा सांगितलं ना पोरी, किनारा उजव्या हाताला धरायचा आन सरळ सुटायचं. मागल्या आठवड्याला खडीवर सांगितलं तेच आज सांगते, मला काय इसरायला झालंय? मला सगळं आठवतंय, लोकान्ला तेवढाच तर तरास हाय माझा. काय म्हनलीस? मग द्वारकेला पोचू? कोन म्हनलं, तुमच्या मास्तरीणबाई? मुंबईतनं निघून किनारा उजव्या हाताला धरला की मानूस गुजरातेत जातं? आता — द्वारका बी काय वाईट न्हाई, जाताजाता पुन्य लागंल. हसू नगंस. बस हितं दगडावर, आन ती पाठीवरची पिशवी उतरव आधी, नगरची यस्टी काय येळंवर येती व्हय! केवढी गं ही पिशवी — अंथरून, भांडी, समदं त्यातच? सहा पोरी, सहा पिशव्या, पाच दिस शिडाच्या मचव्यात, आन रातीला बेटावर मुक्काम. आमच्या येळंला पोरगी हिरीवर एकली गेली तरी आख्ख्या काष्टी गावात बोंब व्हायची.

ह्यो दुस्काळ पडला, खडी फोडायचं काम निघालं, तवापसनं माझ्या समिंदराच्या गोष्टीला लई भाव आला बघ. प्यायला पानी न्हाई, टँकर चार दिसांनी, आन शंभर बाया हातोडी थांबवून माझं पानी ऐकत्यात. आसाराम मुकादम वरडतो, "म्हातारे, बुडव तुजं जहाज एकदाचं, खडी कवा भरायची!" — त्यो बी ऐकतोच की, कान हिकडं करून. तू आलीस सुकडी वाटायला, कॉलेजातनं. घमेलं खाली ठिवलंस, ऐकत बसलीस, तवर ठीक हुतं. मग वही काढलीस, आन मी परत हातोडी उचलली. ऐकनारीचं भ्या न्हाई गं, ती घरी जाईस्तवर इसरती. लिवनारीचं भ्या.

आन मचवा हाकनारा तुमचा तांडेल कुठला म्हनलीस? वसईकडचा? म्हंजे खालच्या अंगाला कधी गेलाच न्हाई? मग खांदेरी, कासा, जंजिरा — कुठनं नेनार तुमाला? — आज्जीनं सांगितलंय तसं? किनारा धरून आतनं जायचं, बुडका खडक डाव्या अंगाला सोडायचा, आज्जी म्हनती म्हनून? अगं, कोन आज्जी! त्यानं मला बघितलं तरी हाय का! आन हे काय — तुमी बी चला आज्जी? मी? समद्या पोरींनी ठरवलंय? न्हाई बया. शेळी व्यायली हाय माझी. गुडघं बी धरल्यात. शेळी खडीवरची लंकाबाई बघंल? ती सोताचं पोर बघंना, शेळी काय बघती.

दाव बरं ती वही. अक्षर न्हाई कळत मला, रेघ कळती. ही वर मुंबई, हे खाली आले लसूण — बेटं, बेटं म्हनायचं हुतं मला. मग बघ की! किनारा उजव्या हाताला. बोलव तुझ्या मास्तरीणबाईला, म्हनावं म्हातारीचंच खरं. — आता उलटी कशाला धरलीस? मचव्यात बसल्यावानी बघू? मुंबई माझ्या पोटाशी, आन तोंड पुढं —

फिरव. पयल्यावानी धर. आता परत उलटी. अगं आई आई आई. डावीकडं आला की गं किनारा. म्हंजे खडक बी उलटा. ते परातीच्या पल्याड बसले हुते, आन मी अल्याड.

कोन म्हंजे? आमचं मालक. मचव्यात बसल्यावानी बघा म्हनतीस, पन मचव्यात बसलं हुतं कोन! मी बसलेच न्हाई, पोरी. झालं, सांगितलं. चाळीस वरसं झाली, समिंदरात पाय बुडवला न्हाई मी. मालक माजगावला गोदीत हमाल हुते, मी नवी नवरी. कौलं नेनारा एक मचवेवाला वळखीचा झाला, म्हनला, चला दोगं, चार दिस बेटं दावतो. मी आख्ख्या चाळीला सांगितलं. नवं लुगडं नेसले, दशम्या बांधल्या, बाया धक्क्यापत्तोर पोचवायला आल्या, एकीनं तर नारळ दिला. बाया माघारी फिरल्या, मी फळीवर पाय ठिवला, आन खाली बघितलं. फळीखाली पानी हालत हुतं. बास. फळीला अशी धरून बसले की दोन खलाशांनी सोडवली मला. मालक म्हनले, चल घरी. मी म्हनलं, घरी? नारळ घेऊन? कुठल्या तोंडानं? तुमी जा. आन मी चार दिस परळला मावशीच्या खोलीत दडून बसले, खिडकीत सुदिक गेले न्हाई. दशम्या तितंच खाल्ल्या.

चवथ्या दिशी मालक न्यायला आले. एरवी दिसाला चार शबुद बोलायचा मानूस. म्हनले, उद्या चाळीतल्या बाया इचारतील, तर काय सांगशील? बस हितं. परातीत बाजरीचं पीठ हुतं, त्यात बोटानं किनारा वढला. लसनाच्या पाकळ्या ठिवल्या, ही खांदेरी, ह्यो कासा, ह्यो जंजिरा. मिठाचा खडा पिठात दाबला, म्हनले ह्यो खडक, दिसत न्हाई पन हाय. खांदेरीवर एक दगड हाय म्हनले, त्याच्यावर दुसरा दगड हानला की पितळंच्या भांड्यावानी वाजतो. सांजंपत्तोर बोलत हुते गं. तेवढं बोलनं त्यांनी पुन्हा कधी केलं न्हाई, मरेस्तवर. मग मी पाकळ्या उचलल्या, आन समिंदर मळून भाकरी थापल्या. खडा काढायचा राह्यला. एक भाकर लई खारट झाली, ती त्यांनीच खाल्ली.

तवा ऐक. त्या वसईवाल्याला दे सोडून. किनारा धरून पाच दिस जायचंच नगं. यस्टीनं जावा, आन ज्या गावासमोर जे बेट, त्या गावचा कोळी घ्या. बेट बघा, माघारी या, पुढल्या गावाला पुढला कोळी. हितनं तिथनं समदं त्याला इचारा, मला न्हाई. पुसून टाक ते आज्जीचं. मी गेलेच न्हाई, ते लंकाबाईला सांगनार? सांग खुशाल. न्हाई तर नगं, मीच सांगंन उद्या खडीवर — तू सांगितलंस तर लई कोरडं हुईल.

येक इचारू? मी न जाता चाळीस वरसं सांगितलं, आन कुनाला कळलं न्हाई. मग त्यांनी बी… चार दिस कुठं हुते, मी कधी इचारलं न्हाई. धोतर पांढरं सपेद हुतं, ना कौलाचा डाग ना खाऱ्या पान्याचा, मला दिसलं हुतं. तवाच दिसलं हुतं.

खांदेरीला त्यो दगड वाजवून बघ. वाजला तर कार्ड टाक मला, आसारामाकडनं वाचून घीन. न्हाई वाजला तर — ऊठ, ऊठ, यस्टी आली बघ तुजी, घे ती पिशवी. न्हाई वाजला तर कार्ड टाकू नगंस.