दोन हजार जणांनी नाव घेतलेला निबंध

काकू : बस गं, आधी त्यांना आकडा बघू दे. लोक सकाळी उठून चष्मा शोधतात, हे आकडा शोधतात.

सर : थट्टा पुरे. परवा विभागप्रमुखपदासाठी निवड समिती बसतेय आणि तिला हाच आकडा लागतो. माझ्या शोधनिबंधाचा आधार जगात किती जणांनी घेतला, त्याचा.

काकू : किती झाला मग?

सर : दोन हजारला दोन कमी. बाकीचे सगळे निबंध मिळून तीनशेसुद्धा होत नाहीत. घरात कमावता एकच, बाकी सगळी खाणारी तोंडं. हं, तू काहीतरी म्हणत होतीस.

विद्यार्थिनी : त्याच निबंधाबद्दल बोलायचं होतं, सर.

सर : बोल की.

विद्यार्थिनी : तुम्ही त्यात दाखवलंय, की सॉफ्टवेअरच्या टीममधला नवा माणूस कोडला हात लावतो तिथे चुका जास्त निघतात.

सर : जवळजवळ दुप्पट.

विद्यार्थिनी : मी ते सगळं पुन्हा मोजलं. नवी माणसं तुम्ही ईमेलवरून ओळखलीत. पत्ता नवा, म्हणजे माणूस नवा.

सर : तेव्हा सगळे तसंच मोजायचे.

विद्यार्थिनी : हो. पण त्यातली बरीच माणसं जुनीच होती. घाईचं काम आलं की घरून करायची, घरच्या ईमेलवरून पाठवायची, आणि चुका व्हायच्या त्या घाईमुळे.

काकू : म्हणजे घरातलाच माणूस कपडे बदलून आला, आणि यांनी त्याला पाहुणा समजून मोजला?

विद्यार्थिनी : तसंच काहीसं, काकू.

सर : अशी किती?

विद्यार्थिनी : नव्यांत धरलेली निम्मी. ती वेगळी काढली की फरक उरतच नाही.

सर : नीट तपासलंस?

विद्यार्थिनी : परत परत. चूक माझीच निघावी असं वाटत होतं.

(सर लॅपटॉप मिटतात.)

काकू : अहो, पाणी देऊ?

सर : नको. हे कुठे पाठवलंस का?

विद्यार्थिनी : अजून नाही. परिषदेला निबंध द्यायची उद्या शेवटची तारीख आहे. ती चुकली तर पुढची थेट वर्षभराने. तुम्ही म्हणालात तर थांबते.

सर : तोवर समितीचं होऊन जाईल. फार वाट बघितलीय गं या खुर्चीची. थांबशील?

विद्यार्थिनी : थांबेन.

काकू : थांबेलच ती. गुरूला नाही म्हणायची सोय कुठे असते तिला?

सर : तू जरा गप्प बस. मला एक सांग, दोन हजार जणांनी त्या निबंधाचं नाव घेतलं, कुणाला शंका आली नाही. तुलाच का आली?

विद्यार्थिनी : शंका नव्हती, सर. राग होता. पहिल्या नोकरीत वर्षभर मला कोडच्या एका ओळीला हात लावू दिला नाही. साहेब म्हणायचे, नव्या माणसाकडून बिघडतं, हे सिद्ध झालंय. आणि तुमचा निबंध पुढे करायचे. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.

सर : आणि तरी माझ्याकडेच शिकायला आलीस?

विद्यार्थिनी : भांडायलाच आले होते. मग तुम्ही शिकवायला लागलात आणि भांडण राहूनच गेलं.

सर : दाखव तुझा निबंध. यात माझं नाव कुठाय? 'पूर्वीच्या एका अभ्यासात' म्हणजे काय?

विद्यार्थिनी : तुमचं नाव घ्यायचं म्हणजे तुम्हाला नावं ठेवल्यासारखं वाटलं.

सर : वेडी आहेस. नाव घेतलं नाहीस, तर माझ्या निबंधाखालच्या यादीत तुझा येणार नाही, आणि माझा उघडणाऱ्याला तो कधी दिसायचाच नाही. तुझा तो साहेब आणखी वीस जणांपुढे माझाच नाचवत बसेल. नाव घाल, आणि उद्या पाठवून दे.

काकू : म्हणजे आता दोन हजारला एकच कमी.

सर : मोज, तूच मोज आता.

विद्यार्थिनी : आणि परवाची समिती?

सर : त्यांना मी आधीच कळवतो. परवा तू माझ्याबरोबर चल. तुझ्या निबंधातला हा तक्ता त्यांना तूच समजावून सांग.

विद्यार्थिनी : मी? समितीपुढे? सर, मी अजून अगदी नवी आहे.

सर : म्हणून तर.