कोल्हापूरचा कौल

—बसा मास्तर, बसा, पण ते ध्येय-ध्येय पुन्हा नको. ध्येय असलं की पोरं पास होतात म्हणे! हे तारकर्लीत येऊन मला सांगता? तुम्ही घाटावरचे, म्हणून शुद्ध बोलतोय—नायतर बोललो असतो. तो पलीकडच्या धोंडूचा नातू बघा, तुमचाच विद्यार्थी. भिंतीवर 'कलेक्टर' लिहिलंय, तांबड्या रंगात. केवढं ध्येय! अजून पहिल्याच वर्षाला. ध्येय भिंतीवर, पोरगा नाक्यावर—कॉलर वर, टेपरेकॉर्डर मांडीवर. सगळी खोगीरभरती तुमच्या कॉलेजात! मी चौथी शिकलो, गलबतावर गेलो, तांडेल झालो, सगळं गलबत माझ्या हुकमावर. ध्येय काय? दोन वेळचं जेवण. मिळालं. संपलं.

आमची शेवंती पहिली आली, ती काय ध्येयाने? भिंतीवर काही नाही, तोंडात काही नाही. चुलीपुढे पुस्तक, विहिरीवर पुस्तक. मला वाटलं, मास्तरीण होईल, इथेच मालवणात. परवा तुम्ही तिला पुढे शिकायला कोल्हापूरला न्यायचं काढलंत, तेव्हा तिला विचारलं, 'गो, तुका होया तरी काय?' तर म्हणते कशी—'बाबा, जंय तुमचो आवाज येवचो नाय, थंय माका ऱ्हवाचा आसा.' घ्या! हे ध्येय! बापाचा आवाज नको! अहो, वादळात डोलकाठीवरच्या माणसाला ऐकू जायचा हा आवाज—ह्याच्यावर गलबत चाललं, घर चाललं—तो नको, म्हणून पहिला नंबर!

रागावलो? छे. सरळ देवळात गेलो. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं—पोरीला कोल्हापूरला पाठवू काय? उजवी पडली. म्हणजे पाठव. तीही लगेच—देवालाच घाई! म्हटलं, पुन्हा लाव. गुरव म्हणतो, एका गोष्टीचा कौल दोनदा मागत नाहीत. म्हटलं, गोष्ट वेगळी आहे.

काय वेगळी? तुम्हाला काय करायचंय? ... परत येतली काय, इतक्याच इचारलंय. पाकळी हलली नाय. उजवी नाय, डावी नाय. देवळात दिवे लागले, गुरव घामाघूम—मी उभाच.

देवालासुद्धा सांगता येत नाही, आणि तुम्ही मला ध्येय शिकवता! न्या तिला. सोमवारच्या गाडीने न्या. उठा आता. ती मागे विहिरीवर आहे, तुम्हीच सांगा जाऊन.

मी हाक मारणार नाही.