टाकी भरायची राहिली

तुमचं चालू द्या हो तानाजीदादा, मी काही घाई करत नाहीये — चहा ठेवलाय त्या दगडावर, गार व्हायच्या आत घ्या. इथे गार व्हायला वेळ लागतो कुठे. सकाळी तंबूबाहेरच्या बादलीत पाण्यावर काचेसारखी चकती धरली होती, मी बोट मारलं तर टक्‌ वाजली — ओमानात, हं. मस्कतला सांगितलं तर हसतील. बरं झालं खाली निझवा गावात गॅरेजवाला आपला माणूस निघाला — गुहागरचे ना तुम्ही? — नाहीतर ह्या जबल शम्सच्या डोंगरावर बसून मी अरबीत काय सांगणार होते? माझा नवरा, अनुप, तर नुसता गाडीची चावी फिरवत होता, बॅटरी गेली, बॅटरी गेली करत. पेट्रोलची नळी गोठते हे आम्हाला ठाऊकच नाही. आमच्या मस्कतला, अल् खुवैरला, एसी बंद पडला की जीव जातो, आम्हाला कुठलं गोठणं.

आणि नळीत पाणी आलं कुठून? तर टाकी रिकामी ठेवली म्हणून — असंच म्हणालात ना मघाशी? रिकाम्या जागेत दमट हवा शिरते, तिचं पाणी होतं, ते तळाला बसतं. बरोबर आहे. महिनाभर हेच चाललंय. आम्ही कायमचे चाललो ना परत, आज रात्रीचंच विमान, व्हिसाही खलास — आणि गाडी घेणार ऑफिसातला रय्यान, विमानतळावर चावी द्यायची त्याला. मग त्याला आयतं पेट्रोल कशाला, म्हणून थोडं थोडंच भरायचं. काल निझवाच्या पंपावर मी म्हटलं, भरून घे, वर थंडी आहे. म्हणाला, किशोरी, एका दिवसासाठी कशाला?

तो वाईट नाही हो. तिकडे कड्याजवळ उभा आहे ना, माझ्यासाठीच आलाय. लग्न करून आले तेव्हापासून म्हणत होते, एकदा जबल शम्स दाखव. दर थंडीत — पुढच्या वर्षी. शेवटी शेवटच्या दिवशी आणलं. आमचं सगळं असंच — पलंग घडीचा, कशाला लाकडी, जायचंच आहे. पडदे नकोत, जायचंच आहे. मी तुळस लावली तर म्हणाला, हिला मागे कोण पाणी घालणार? इथे सगळेच असं करतात, नाही का? तुम्हीही करत असाल. गावी घर झालं की मग. सगळं मग.

घर झालं. पुण्याला, तीन खोल्यांचं. बिल्डरच्या नकाशावर एका खोलीत लिहिलंय, मुलांची खोली. अनुपने तिला निळा रंगही लावून घेतला. मूलही तेव्हाच ठरलं होतं ना — तिकडे गेल्यावर, आपल्या माणसांत. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नाही व्हायचं. अनुपला मी — नाही, सांगितलं नाही मी अजून. तुम्हाला कशाला सांगतेय? गरम पाणी हवंय का आणखी? थांबा, किटली आणते.

हं, घ्या. नळीवरच ओतायचं ना? ओता.

रडत नाहीये मी. मला काही वाटतच नाही, तीच तर गंमत आहे. सकाळी बोटं कशी झाली होती, चिमटा घेतला तरी कळेना, तसं वर्षभर चाललंय. उद्या त्या निळ्या खोलीत आमच्या बॅगा ठेवू. तो विचारेल, आता मुलाचं बघायचं का. मी काय सांगू?

सुरू झाली? हो, ऐकलं. फुरफुरतेय अजून. अनुप आलाच बघा धावत. काय म्हणतोय तो? दोन लिटर पेट्रोल बास, खाली पोचण्यापुरतं?

नाही. दादा, त्याच्याकडे बघू नका. तुम्ही तो कॅन आणलाय ना, भरलेला — तो सगळा ओता. अनुप, बोलू नकोस मध्ये. रय्यानला जाऊ दे आयतं. अजून ओता. सांडलं तर सांडू दे.

आता तुम्ही जा, दादा. मला ह्याच्याशी बोलायचंय.