शेजारची खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या खात्याचे सचिव महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते सत्कारमूर्ती, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, माजी नेत्यांच्या परदेश दौऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या या कक्षातले सगळे सहकारी, आणि मागे बसून चहाची वाट बघणारे माझे मित्रहो,

पंतप्रधान होतो तेव्हा बोलायला सवड नव्हती. आता सवडच सवड आहे, पण ऐकणारे सगळे परदेशात. सरकार तिकीट काढतं, सोबत एक अधिकारी देतं, आणि आम्ही माजी मंडळी शांततेवर, पाण्यावर, जगाच्या भवितव्यावर बोलून परत येतो. लोक विचारतात, यांना आता कशाला फिरवता? विचारू दे की! सत्तेत यायच्या आधी मीही तेच विचारत होतो. माझा आवाज जरा मोठा होता, एवढंच.

तर आज निवृत्त होणारे आमचे हे दौरेवाले. खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्ही सगळे दौरेवालेच म्हणतो. यांचा पत्रांवर काडीचा विश्वास नाही. निघायच्या आदल्या दिवशी यजमानांना स्वतः फोन लावणार आणि एका दमात सांगणार, "साहेबांना उशी पातळ, बाईंना खिडकीची खोली, जेवताना दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी." बाई म्हणजे आमची ही. तिकडे नवरा-बायकोला लांब लांब बसवतात. एकदा ही यांच्यापाशी कुरकुरली होती, "परक्या माणसाशी तीन तास काय बोलू हो मी?" तेव्हापासून शेजारच्या खुर्च्यांचं हे वाक्य यांच्या तोंडात बसलं.

मागच्या हिवाळ्यात ही गेली.

लगेच एक परिषद होती. मुलगी म्हणाली, "बाबा, या वेळी राहू द्या ना." मी गेलो. घरी बसून तरी काय करणार होतो? आणि खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं चाललं होतं. लोक हात हातात घेत होते, मी मान हलवत होतो.

रात्रीच्या जेवणाला गेलो, तर माझ्या शेजारी तिची खुर्ची. समोर ताट, ताटापुढे तिच्या नावाची पाटी. यांनी फोनवर सवयीने तेच वाक्य म्हटलं होतं. हे भिंतीपाशी उभे होते. त्यांनी पाहिलं आणि धावतच आले. "साहेब, मेलो मी! आत्ता उचलतो."

मी म्हटलं, "राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाइड मुलगी हॉटेलात हजर. पाहुण्यांच्या पत्नींना काचेचा कारखाना दाखवायला न्यायचं होतं, आणि तिच्या यादीत हिचंही नाव होतं. मला त्याच वेळी माजी नेत्यांच्या जागतिक जबाबदारीवर बोलायचं होतं. मी कारखान्याच्या बसमध्ये जाऊन बसलो. (हसा, हसा. बसमधल्या बायकाही हसल्या होत्या.) एकीने पर्स उचलून मला जागा करून दिली. तिथे एक माणूस नळीत फुंकर मारून काचेचा फुगा करत होता. ही दर दौऱ्यात रात्री मला असलं काहीतरी सांगायची, आणि मी कागद वाचता वाचता "हं, हं" करायचो. तिथेही मला रडू आलं नाही. फार उकडत होतं, एवढं आठवतं.

त्यानंतर प्रत्येक दौऱ्याच्या आधी हे हळूच विचारायचे, "साहेब, शेजारची खुर्ची?" मी म्हणायचो, "असू दे." तिकडून कुणी कारण विचारलं, तर हे सांगायचे, "साहेबांची पद्धत आहे." या कक्षात त्यावरून कधी कुणी चेष्टा केली नाही. तुमचे उपकार आहेत.

काल यांच्या जागी आलेल्या मॅडमनी मला विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात शेजारची खुर्ची सांगायची का?" बिचारीने नीट माहिती करून घेतलेली. जन्मभर भाषणं केलेला माणूस मी, पण मला 'नको' म्हणता येईना. म्हटलं, उद्या सांगतो.

आज इथे येऊन बघतो, तर माझ्या शेजारी ही रिकामी खुर्ची. स्वतःच्या निरोपाची मांडामांडही यांनीच केली ना! दुसऱ्याच्या हातचं काम यांना कुठे पटतं? तुम्हाला वाटलं असेल, कुणी पाहुणे यायचेत.

कुणी यायचं नाहीये.

आणि सत्कारमूर्ती कुठे आहेत? ते बघा, दारापाशी. गळ्यात हार आणि नजर चहाच्या किटलीवर. वहिनी, घरी तरी बसतात का हो हे? आमच्या सगळ्यांच्या खुर्च्या मांडल्या आणि स्वतःची मांडायला विसरले.

असो. फार वेळ घेतला. मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. या वयात बोलणं भरकटतं. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही जास्तीचं बोललो असेन, तर सांभाळून घ्या.

मॅडम, पुढच्या महिन्यात माझी एकच खुर्ची सांगा.

आणि दौरेवाले, तुम्ही इकडे या. चहाचं बघेल कुणीतरी. या, इथे माझ्या शेजारी बसा.